माझ्या घरची जमीन कोण तापवतं

जमीन थंड पडली हे मला पायांनी सांगितलं नाही, सोयाबीननं सांगितलं. पाय म्हातारे झाले की खोटं बोलतात. कधी उगाच जळजळतात, कधी बर्फ होतात, त्यांच्या साक्षीवर कुणी कोर्टात जाऊ नये. पण सोयाबीन शिजवून, कुटून, थापून केलेल्या ढेपा खोटं बोलत नाहीत. दर हिवाळ्यात मी त्या माझ्या खोलीत गरम जमिनीवर पेंढा घालून मांडते, वर जुनी रजई टाकते, आणि थोड्या दिवसांत त्या आंबून असा वास सुटतो की वरच्या मजल्यावरची पोरगी लिफ्टमध्ये नाक दाबते. तो वास आला की समजायचं, वर्षाच्या आमटीची सोय झाली. माझी, लेकाची, नणंदेची, आणि जी कधी मागत नाही पण डबा परतही करत नाही त्या विहीणबाईंची.

यंदा वासच येईना. ढेपा नुसत्या बसून राहिल्या, लग्नात मान न मिळालेल्या पाहुण्यांसारख्या. रजई उचलून जमिनीला हात लावला तर कोमट. नव्या व्याह्याच्या बोलण्यासारखी, ना गरम ना थंड.

आमच्या जेचॉनची थंडी म्हणजे गंमत नव्हे. आमच्यात म्हणतात, पंचांगातली मोठी थंडी एकदा धाकट्या थंडीच्या घरी पाहुणी गेली आणि गारठून मेली. ती धाकटी जानेवारीत येते आणि पहिल्यांदा आमच्या गावात उतरते. अशा वेळी ज्याची जमीन गरम तो माणूस. बाकीचे नुसते श्वास घेतात.

आमच्याकडे बॉयलरचं गरम पाणी जमिनीखालच्या पाइपांतून फिरतं, त्यानं घर तापतं. भिंतीवर त्या बॉयलरची एक डबी आहे, तिच्यावर आकडा दिसतो. मी शाळेत फार गेले नाही. भावांना आत बसवायचे आणि मला त्यांचे डबे घेऊन दारापर्यंत धाडायचे. पण आकडे मी बाजारात बसून शिकले, आणि त्यांत मला कुणी फसवून दाखवावं. झोपताना मी आकडा पंचविसावर चढवायची. सकाळी उठून बघावं तर सतरा. दुपारी पुन्हा चढवायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा सतरा. घरात मी एकटी. मांजरसुद्धा नाही.

आता कुणी म्हणेल, बाई, बॉयलरच्या कंपनीला फोन करायचा. शहाण्यांनो, तेवढं मलाही कळतं. पण हा बॉयलर शरदात ग्यूचोलनं, माझ्या एकुलत्या एका लेकानं, राजधानी सोलहून येऊन बसवून दिला होता. नोंद त्याच्या नावावर, नंबर त्याचा. इथे मी तक्रार करायची आणि तिथे त्याच्या खिशात घंटा वाजायची. आणि बॉयलर बसवला त्याच दिवशी सणाच्या जेवणावर त्यानं सांगून ठेवलं होतं की आई, हा शेवटचा खर्च, या हिवाळ्यात आणखी काही कटकट निघाली तर वसंतात हा फ्लॅट विकायचा आणि तू आमच्याकडे. आमच्याकडे म्हणजे कुठे, ते मी पाहून आले आहे. सूनबाईनं मला दाखवलेली अर्धी खोली. उरलेल्या अर्ध्यात कपडे वाळत घालायचा स्टँड. तिथे फ्रीज उघडायचा तरी आधी खाकरावं लागतं. फ्लॅट माझ्या नावावर आहे, पण नाव कागदावर असतं आणि लेक डोक्यावर बसतो.

तर कटकट निघाली नाही, असं मी ठरवलं.

आमच्या सोसायटीच्या खाली म्हाताऱ्यांचं विरंगुळा केंद्र आहे. त्याची जमीन सरकार तापवतं, म्हणून तिथे सगळ्या दिवसभर पाय पसरून बसतात आणि घरचे बॉयलर बंद ठेवतात. मी रोज जात नाही. आमच्या घरची जमीन गरम असते, मला कुणाच्या दारात शेकायला जायची गरज नाही, हे मी तिथे जाऊन अनेकदा सांगितलेलं आहे. नवा बॉयलर आला तेव्हा तर तांदळाचे केक वाटून सांगितलं. त्यामुळे आता विचारायचं कसं हाच मोठा प्रश्न होता. मी म्हटलं, आमच्या एका लांबच्या नातेवाइकांकडे जमीन तापत नाहीये.

योंगवलवाली, म्हणजे योंगवलहून लग्न करून आलेली, साऱ्या केंद्राची वैद्य, वकील आणि हवामान खातं, ती लगेच म्हणाली, "नातेवाइकांना सांग, रिकाम्या खोल्यांचे कॉक बंद करा. सगळं गरम पाणी मग एकाच खोलीत फिरतं. एवढं साधं कळत नाही, कसले गं तुझे नातेवाईक?"

ओट्याखाली पितळी कॉकांची रांग असते, एकेका खोलीचा एकेक. मी घरी येऊन उत्तरेच्या खोलीचा आणि हॉलचा कॉक फिरवून बंद केला. दोन दिवस माझी खोली खरंच बरी तापली. ढेपांनाही थोडा जीव आला. उत्तरेच्या खोलीत आधीच्या हप्त्याच्या फसलेल्या ढेपांची कुबट घाण राहिली होती, म्हणून तिथली खिडकी बोटभर उघडी ठेवली. खोली रिकामी, कॉक बंद, खिडकी उघडी, बाहेर धाकटी थंडी. आता हे चारही मी सांगते तेव्हा लहान पोरालाही कळेल पुढे काय झालं. पण तेव्हा ते चार वेगवेगळे होते.

तिसऱ्या दिवशी आकडा पुन्हा उतरलेला. केंद्रात गेले. योंगवलवाली म्हणाली, नातेवाइकांच्या पाइपात हवा धरली असेल, हवा काढून टाका. मी ओट्याखाली बसून रांगेच्या टोकाचा स्क्रू सैल केला तर काळं पाणी असं उडालं की ओट्यावर काढून ठेवलेली कोबी गेली, माझा बाहेर जायचा झगा गेला, आणि हवा काही निघाली नाही. रोग रेड्याला आणि औषध पखालीला.

मग ती हळूच म्हणाली, "तुझ्या नातेवाइकाच्या नवऱ्याचं श्राद्ध जवळ आलंय ना?"

नातेवाइकाचं सोंग तिथेच गळून पडलं. आणि तिचं म्हणणं अगदीच वेडगळ नव्हतं. आमचे हे, म्हणजे ग्यूचोलचे वडील, जन्मभर एकच व्यायाम करत होते, उठून जाऊन बॉयलर कमी करण्याचा. मी चढवायची, ते उतरवायचे. दात घासून आले की उतरवायचे, बातम्या संपल्या की उतरवायचे. शेवटच्या आजारपणात दवाखान्याच्या खाटेवरून डोळ्यांनी विचारलं, घरचा बंद केलास ना. असा माणूस मेल्यावर स्वस्थ बसेल याची मला खात्री नव्हती. मी त्यांच्या फोटोसमोर उभी राहून चार शब्द सुनावले. मेलात आता, तुम्हाला थंडी नाही आणि गॅसचं बिलही नाही, मग कशाला येता?

श्राद्धाला ग्यूचोल आणि सून मीरान येणार, त्यांना उत्तरेच्या खोलीत झोपवायचं, म्हणून मी आदल्या आठवड्यात तिथला कॉक पुन्हा उघडला. वर काही दिसलं नाही. ऐकूही आलं नाही. दुसऱ्या दिवशी दारात खालच्या मजल्यावरचे प्यो गुरुजी.

हे शाळेतून हेडमास्तर म्हणून निवृत्त झाले, पण शाळा त्यांच्यातून निवृत्त झाली नाही. बूट दारात सरळ रेषेत काढले, मग म्हणाले की आपल्या निष्काळजीपणामुळे माझ्या छताला गळती लागली आहे, हे छायाचित्र. छायाचित्रात कागद लावलेल्या छतावर मोठा पिवळा डाग. मी म्हटलं, हा जुना असेल, तुमचं छत आधीपासून घामट आहे. ते म्हणाले, छताला घाम येत नसतो, दव धरतं. मी म्हटलं, मग दव धरलं असेल. त्यांनीच शिकवलेलं, म्हणून त्यांनी छायाचित्र खिशात घातलं. मग म्हणाले, मी आपल्या चिरंजीवांशी बोलतो.

हे मात्र मला झोंबलं. मी म्हटलं, "गुरुजी, घर माझ्या नावावर आहे. भांडायचं तर माझ्याशी भांडा. माझ्या लेकाकडे चिठ्ठी द्यायला मी तुमच्या वर्गात नाही."

वर गळलं की खालच्याचं छत वरच्यानं करून द्यायचं, हा आमच्याकडचा कायदा लहान मुलालाही ठाऊक असतो. म्हणून मी सोसायटीच्या ऑफिसात गेले, एवढ्याचसाठी की त्यांनी म्हणावं, पाइप इमारतीचा आहे. मॅनेजर मा साहेबांनी इमारतीचा नकाशा काढला, चष्मा काढला, पुन्हा लावला आणि म्हणाले, "आजी, डाग आहे त्याच्या वर तुमची खोली नाही. गॅलरी आहे."

आता गॅलरी होती, कोण नाही म्हणतंय. पण फार वर्षांपूर्वी आमच्या ह्यांनी ती उत्तरेच्या खोलीत आत घेतली. चुलत भावाला बोलावलं, कुठल्याशा कामावरून उरलेला पाइप आणला, जोड दिला, वर सिमेंट टाकलं, परवानगीबिरवानगीच्या फंदात पडले नाहीत. स्वस्तात झालं म्हणून महिनाभर खूश होते. मी मा साहेबांना म्हटलं, गॅलरी आता खोली आहे, या आणि बघा. ते म्हणाले, बघितलं तर मला नगरपालिकेला कळवावं लागेल, म्हणून मी बघत नाही, हे तुमच्याच भल्याचं आहे. मी म्हटलं, मग गळतीचं लिहा. ते म्हणाले, गॅलरीत गरम पाण्याचा पाइप नसतो, म्हणून गॅलरी गळू शकत नाही, फार तर भिजू शकते. भिजली असं लिहू का? मी म्हटलं, भिजली लिहिलं तर छत कोण करणार? ते म्हणाले, पाऊस.

शिकलेल्या लोकांशी बोलून आलं की मला नेहमी जेवण जात नाही.

शेवटी योंगवलवालीच्या भाच्याच्या ओळखीचा बांग मिस्त्री आणला. गळती शोधण्यात त्याचा हात धरणारा जिल्ह्यात नाही, असं त्यानं स्वतःच सांगितलं. कानाला मोठी यंत्रं लावली, हातात लांब सळई, आणि उत्तरेच्या खोलीत जमिनीवर पालथा पडला. मला म्हणाला, श्वास धरा. मी धरला. बराच वेळ त्यानं सोडायला सांगितलंच नाही. मग सुईणीसारखा हसला, म्हणाला, इथे बोलतंय. कपाटाजवळ फोडलं. खाली कोरडी ठाक जमीन. बोलत होता तो प्यो गुरुजींचा रेडिओ. मग दुसऱ्या ठिकाणी, खोलीच्या मधोमध, म्हणजे जुन्या गॅलरीच्या तोंडाशी फोडलं. तिथे ह्यांच्या चुलत भावाचा जोड सापडला, गोठून फुटलेला. बांग मिस्त्री त्याकडे पाहून म्हणाला की असलं काम ज्यानं केलं तो आता या जगात नसेल. मी म्हटलं, ज्यानं करून घेतलं तो नाही, ज्यानं केलं तो अजून हिंडतो आहे.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. गावभर पाइप फुटले होते, कुठे लहान मूल होतं, कुठे बाळंतीण. म्हातारीपेक्षा दोन्ही मोठी. या खोलीचा कॉक बंद ठेवा, श्राद्धानंतर येतो, म्हणून गेला. खोलीच्या मधोमध घमेलं मावेल एवढा खड्डा, भोवती सिमेंटचा ढीग. मी ढीग पोत्यात भरला, खड्ड्यावर गादी घातली, गादीवर दोन रजया, आणि आत ढेपा आहेत, दार उघडू नका, असं सांगायचं ठरवलं. सुनेला तो वास सहन होत नाही. पहिल्यांदाच ते कामाला येईल असं वाटलं.

श्राद्ध पूर्वी रात्री उशिरा करायचे, आता सुनेची सकाळची नोकरी म्हणून अंधार पडला की उरकतात. मेलेल्यांनाही नोकरीच्या वेळा पाळाव्या लागतात. मी पॅनकेक तळले, मासा मांडला, नाशपातींची टोकं कापली, घडीचा पडदा उभा केला. मीरान आली, बूट काढले, मोज्यांनी जमीन चाचपली आणि कोट अंगातच ठेवला. तिचं कोट न काढणं मी ओळखून आहे. आणि मी भात वाढत असताना ही गुणाची बाई ओट्याखाली वाकली, बघते तर कॉक बंद. बिचाऱ्या सासूला कळत नाही, असं म्हणून तिनं सगळे उघडून टाकले. मला सांगितलंही नाही. चांगलं काम सांगून करायचं नसतं ना.

ग्यूचोलनं बापाच्या नावानं दारू ओतली, आम्ही नमस्काराला उभे राहिलो, आणि घंटी वाजली. प्यो गुरुजी, हातात पातेलं. पातेल्यात पाणी. बोलायला तोंड उघडलं आणि समोर मांडलेलं पान पाहिलं. मेलेल्याचं पान मांडलेलं असताना आवाज चढवणारा माणूस आमच्यात अजून जन्मला नाही. गुरुजींनी पातेलं खाली ठेवलं, कोट सारखा केला, ग्यूचोलच्या मागे उभे राहिले आणि आमच्या ह्यांना दोन साष्टांग नमस्कार घातले. अगदी पद्धतशीर, कपाळ जमिनीला. मग उठले, पातेलं उचललं आणि म्हणाले, "आता छताचं बोलू."

ग्यूचोल माझ्याकडे बघायला लागला. मी पडद्याकडे. मग तो उत्तरेच्या खोलीकडे निघाला. मी ढेपा म्हणेपर्यंत त्यानं दार उघडलं, गादीवर पाय ठेवला आणि पोटरीपर्यंत आत गेला. खड्डा गरम पाण्यानं भरला होता. सबंध घरात तेवढीच एक जागा नीट तापलेली होती.

त्याला ओढून काढला, मोजा पिळला, मीराननं धावत जाऊन कॉक बंद केला, आणि मग लेक विचारू लागला. कधीपासून, कशामुळे, कॉक कुणी बंद केले, कुणी उघडले, मला का नाही सांगितलं. पोलिसही एका वेळी एकच विचारतात. मी म्हटलं, तुझ्या बापाला विचार. तो येऊन आकडा उतरवतो. रात्री पंचवीस, सकाळी सतरा. त्याच्यामुळे हे सगळं.

मीरान नवऱ्याकडे बघत होती. मग हळू आवाजात म्हणाली, "अहो, सांगा त्यांना. मी तेव्हाच म्हटलं होतं."

ग्यूचोलनं खिशातून फोन काढला. ओल्या पायानं उभा होता, शाळेत उत्तर न आलेल्या पोरासारखा. फोनवर एक चौकोन होता, त्यात घराचं चित्र आणि चित्राखाली आकडा. सतरा. त्यानं बोट लावलं, चढवलं. भिंतीवरची माझी डबी टिक् झाली, आणि स्वयंपाकघरामागे बॉयलर घुरघुरायला लागला.

"तू विसरतेस आई," तो म्हणाला. "चढवून ठेवतेस, तो रात्रभर तसाच चालेल. मी रात्री घरी जाताना मेट्रोत बघतो, मग उतरवतो. सतरा पुरतं, तू रजई घेतेसच की."

मी काही बोलायच्या आत गुरुजी म्हणाले, "म्हणजे माझं छत सोलहून गळालं."

मला वाटलं, आता ते माझी बाजू घेतील. शिक्षक माणूस, आईबापांवर जन्मभर धडे शिकवलेला. त्यांनी ग्यूचोलला विचारलं की मग दुरुस्तीचं आपल्याशी बोलायचं ना. लोक न्यायाला येतात आणि छत घेऊन जातात.

ग्यूचोलला तेवढा धीर पुरे झाला. हे बघ आई, म्हणाला, हेच मी सांगत होतो, एकटीनं हे जमणार नाही, वसंतात आपण घराचं बघून टाकू. मीरान नाशपाती सोलायला लागली. सून नाशपाती सोलते तेव्हा तिला सगळं आधीच माहीत असतं.

मी म्हटलं, "पूस ते."

"काय?"

"माझं घर त्या फोनमधून पूस. तुझा बाप जन्मभर आकडा उतरवायचा. पण माझ्यासमोर उभा राहून उतरवायचा, आणि मी त्याच्यासमोर चढवायची. त्याला संसार म्हणतात. तू सोलमध्ये बसून, मी झोपलेली असताना, माझ्या पाठीखालची जमीन थंड करतोस. त्याला काय म्हणतात ते शिकलेल्यांनी सांगावं. आणि घर विकायचं असेल तर सही करायला मला उठवावं लागेल. ती फोनवरून होत नाही, मी ऑफिसात विचारून आले आहे."

विचारलं नव्हतं. पण मा साहेबांचा चेहरा आठवला आणि वाटलं, तिथे काहीच होत नाही, तर हेही होत नसणार.

ग्यूचोलनं त्या चौकोनावर बोट नेलं आणि परत घेतलं. मग म्हणाला, "पुसलं तर मला कसं कळणार? रात्री मी बघायचो, आकडा चढवलेला दिसला की समजायचो, आज आई ठीक आहे."

"फोन कर," मी म्हटलं. "त्यालाही बोटच लागतं."

त्यानं पुसलं. माझ्यासमोर. मला दाखवून.

पुढे सगळं झालं. बांग मिस्त्री आला, नवा जोड बसवला, जमीन भरली. तिथलं जमिनीवरचं मेणकापड आता बाकीच्या खोलीशी रंगानं जुळत नाही, आणि येणारा प्रत्येक जण हे मला नव्यानं सांगतो. गुरुजींच्या छताचा कागद ग्यूचोलनं करून दिला. निवडला गुरुजींनी, आणि रंग फिका आला म्हणून तक्रार माझ्याकडे. ढेपा काळ्या पडल्या, टाकून दिल्या, बाजारातून आयत्या आणल्या, आणि घरचा पेंढा बांधून केंद्रातल्या बायकांना दाखवल्या. योंगवलवाली बोट लावून म्हणाली, यंदा छान आंबल्यात. ही आमची वैद्य.

वसंत आला आणि सरतही आला. घर विकायचं नाव कुणी काढलं नाही. यालाच जिंकणं म्हणतात.

ग्यूचोल पहिल्या आठवड्यात रोज फोन करायचा. जेवलीस का, झोप लागली का, जमीन गरम आहे का. मग रविवारी करायला लागला. मग एका रविवारी मीरान बोलली, ते अंघोळीला गेलेत म्हणाली. परवा मीच केला तर म्हणाला, आई, मीटिंगमध्ये आहे, नंतर करतो.

त्या रात्री थंडी अवकाळी परतली होती. मी डबीसमोर उभी राहिले. पंचविसावर चढवला, कारण माझं घर, माझा आकडा. जमीन सावकाश तापली. दोन्ही खोल्या, हॉल, आत घेतलेली गॅलरीसुद्धा. एवढी गरम जमीन आणि तिच्यावर पाय दोनच. मग मी उठले आणि माझ्याच बोटानं आकडा खाली आणला, अगदी तळाशी, जिथे माणूस आजारी पडतो तिथे. आणि थोडा वेळ तिथेच उभी राहिले, तिकडून कुणी वर चढवतंय का बघत.

कसा चढवेल? मीच पुसायला लावलं होतं.